प्लगिन बेवारस होतं तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वेबसाइटच्या सुरक्षिततेवर आलेला लेख वाचला. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना त्यात तीन सल्ले दिले आहेत. प्लगिन्स (वर्डप्रेसला वरून जोडायचे प्रोग्राम) दहाच्या आत ठेवा, नको असलेली डिअॅक्टिव्हेट करून ठेवा, आणि जमेल तिथे प्लगिन टाळून कोड सरळ थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या) फंक्शन्स फाइलमध्ये चिकटवा. पहिला सल्ला अर्धवट, दुसरा अपुरा आणि तिसरा म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी अकरा वर्षं प्लगिन्स लिहिते आहे, म्हणजे त्या लेखात ज्यांच्या नावानं खडे फोडलेत त्या जमातीतलीच. तरी आमचा बचाव करायला हे पत्र नाही. आमच्या चुका लेखात आहेत त्याहून जास्तच निघतील. त्या नेमक्या कुठे होतात ते मात्र लेखात आलेलं नाही.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली २७ मे २००३ रोजी. बी-टू नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर मागे पडलं होतं, ते मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी पुढे नेलं. प्लगिनची सोय मात्र २००४ सालच्या १.२ आवृत्तीपासूनची. ती नसताना काही बदलायचं तर मूळ फाइल उघडून त्यातच हात घालावा लागे, आणि नवी आवृत्ती चढवली की केलेलं सगळं पुसलं जाई. प्लगिनची कल्पना सुचली ती या त्रासातून. मूळ कोडमध्ये ठिकठिकाणी थांबे ठेवले आहेत, त्यांना हुक म्हणतात. प्रत्येक थांब्यावर वर्डप्रेस विचारतं, इथे कोणाला काही करायचंय का? प्लगिन हात वर करतं आणि आपलं काम उरकतं. मूळ फाइलला कोणी बोटही लावत नाही.

हुक दोन जातींचे. अॅक्शन म्हणजे 'अमुक घडलंय, तुला काय करायचं ते कर.' फिल्टर म्हणजे 'ही वस्तू घे, हवा तो बदल कर आणि मला परत दे.' सगळी गोम त्या परत देण्यात आहे. कशी ते माझ्याच उदाहरणानं सांगते.

माझं सर्वात जुनं प्लगिन अगदी साधं आहे. लेखाच्या वर 'वाचायला ४ मिनिटं' अशी एक छोटी पट्टी दाखवतं, बस. त्यासाठी मजकुराच्या फिल्टरवर नाव नोंदवायचं. वर्डप्रेस लेखाचा मजकूर हातात देतं, त्याच्या डोक्यावर पट्टी चिकटवायची आणि मजकूर परत करायचा. एकदा कोणीतरी कळवलं की ही पट्टी 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' अशा पानांवरही येते, तिथे ती हास्यास्पद दिसते. खरं होतं. मी एक अट टाकली: सुटा लेख नसेल तर काही न करता बाहेर पड. 'रिटर्न' लिहिलं, अर्धविराम दिला आणि पुढे गेले. 'रिटर्न'च्या पुढे मजकुराचं नाव लिहायचं राहिलं. म्हणजे वर्डप्रेसनं पानाचा मजकूर माझ्या हातात दिला आणि मी रिकामे हात हलवत परत आले.

तपासताना मी उघडून पाहिले ते लेख. तिथे पट्टी झोकात दिसत होती. संध्याकाळी आवृत्ती चढवली आणि झोपले. तेव्हा ते प्लगिन चारेकशे साइट्सवर होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ऑटो-अपडेट चालू ठेवलेलं होतं. ही सोय ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून डॅशबोर्डवरच, म्हणजे मालकाच्या नियंत्रणपानावरच, मिळते. सकाळी इनबॉक्समध्ये सतरा पत्रं. सगळ्यांची 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' पानं कोरी. वर मथळा, खाली फूटर, मधे शुभ्र मोकळी जागा. एरर कुठेच नाही, सर्व्हरच्या लॉगमध्येही नाही. वर्डप्रेसमध्ये मे २०१९ पासून 'रिकव्हरी मोड' आहे, प्लगिननं साइट पाडली तर तो मालकाला ईमेल करून आत शिरायची वाट देतो. जुलै २०२४ पासून तर ऑटो-अपडेटनं साइट कोसळली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. पण माझी चूक या दोन्हींच्या जाळ्यातून सुटणारी. काही कोसळलंच नव्हतं. प्लगिनला सांगितलं होतं तेवढं त्यानं इमानानं केलं होतं.

मजकूर डेटाबेसमध्ये जसाच्या तसा होता. मजकुराचा हा फिल्टर फक्त दाखवायच्या वाटेवर उभा असतो, मूळ साठ्याला तो शिवत नाही. पण हे मला माहीत होतं, त्या सतरा जणांना नव्हतं. एकीनं लिहिलं होतं की माझी सात वर्षांची मेहनत गेली. दुरुस्ती एका शब्दाची होती, ती चढवायला पाच मिनिटं लागली. सतरा जणांना उत्तरं लिहिण्यात दुपार गेली.

पुरवणीतल्या त्या लेखकाची भीती यावरून खरी ठरते असं कोणी म्हणेल. पण त्या सतरा जणांपैकी एकाकडे एकूण तीनच प्लगिन्स होती, दुसऱ्याकडे तीसच्या वर. कोरी पानं दोघांचीही झाली. वर्डप्रेसमध्ये प्लगिन कोंडून ठेवायला वेगळी खोली नसते. फोनवरचं अॅप निदान 'कॅमेरा वापरू का' असं विचारतं. इथे तसली परवानगीची पाटी नाही. एकदा अॅक्टिव्हेट केलं की वीस ओळींच्या प्लगिनलाही अख्खा डेटाबेस तेवढाच मोकळा, जेवढा हजारो फाइल्सच्या भल्यामोठ्या प्लगिनला. मग मोजायचं काय? वर्डप्रेसबरोबर आयतं येत आलेलं 'हॅलो डॉली' हे प्लगिन डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एका गाण्याची एखादी ओळ दाखवतं, त्याहून जास्त काही करत नाही. त्याला आणि अख्खं दुकान चालवणाऱ्या प्लगिनला 'एक' म्हणून सारखंच मोजणार असाल तर त्या आकड्याला अर्थ काय राहिला?

डिअॅक्टिव्हेट करण्याबद्दल थोडक्यात सांगते. बंद केलेल्या प्लगिनच्या फाइल्स सर्व्हरवर तशाच पडून असतात. एखादी फाइल थेट पत्ता टाकून उघडता येत असेल, तर वर्डप्रेसनं तिला बंद मानलंय की चालू याच्याशी हल्लेखोराला देणंघेणं नसतं. म्हणून शहाणे प्लगिनकार प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीतच तपासतात की आपल्याला वर्डप्रेसनंच बोलावलंय ना, नसेल तर तिथूनच परत. सगळेच शहाणे नसतात. नको असेल ते डिलीट करा. आणि फंक्शन्स फाइलमध्ये चिकटवलेला कोड म्हणजेही तोच पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती), तेच अधिकार. फरक एवढाच की त्याला नाव नाही, आवृत्ती नाही, अपडेट नाही, आणि थीम बदलली की तो नाहीसा होतो. कुठून आणला होता तेही दोन वर्षांनी आठवत नाही.

आता आमच्या खऱ्या चुकांकडे येते. एकच सांगते, कारण ती मीही केली आहे आणि अजूनही नव्या लोकांच्या कोडमध्ये मला ती महिन्यातून एकदा तरी दिसते. वर्डप्रेसमध्ये 'इज अॅडमिन' नावाचं एक फंक्शन आहे. नाव वाचून कोणीही समजेल की समोरचा माणूस अॅडमिन आहे का, हे ते सांगतं. तसं नाही. चालू विनंती डॅशबोर्डच्या बाजूची आहे का, एवढंच ते सांगतं. आणि अॅजॅक्सच्या नेहमीच्या विनंत्या (पान नव्यानं न उघडता पडद्यामागून जाणाऱ्या) डॅशबोर्डच्या बाजूच्या एका फाइलमधून जातात, मग त्या लॉग-इन न केलेल्या वाटसरूच्या का असेनात. मी सेटिंग्ज साठवायच्या आधी 'इज अॅडमिन' विचारायचे आणि कुलूप लावल्याच्या थाटात निर्धास्त असायचे. प्रत्यक्षात दारावर कुलपाचं चित्र होतं.

एका अनोळखी माणसानं ते दाखवून दिलं. गाजावाजा न करता ईमेल पाठवली. पाच ओळींची विनंती, ती पाठवली की लॉग-इनशिवाय माझ्या प्लगिनच्या सेटिंग्ज बदलतात. खाली वाक्य, दुरुस्ती झाली की कळवा, तोवर मी कुठे बोलत नाही. पट्टीचा रंग बदलण्यापलीकडे त्यातून काही होत नाही, असं मी मनाला समजावत होते. मग लक्षात आलं की पट्टीतले शब्दही त्याच सेटिंग्जमध्ये आहेत आणि ते मी जसेच्या तसे पानावर ओतते. म्हणजे तिथे स्क्रिप्ट टाकली तर ती प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालली असती. एका भोकातून दुसरं भोक. उपाय कोणत्याही शिकवणीत पहिल्या आठवड्यात सांगतात: माणसाला अधिकार आहे का ते विचारा, विनंती खरंच आपल्या फॉर्ममधून आली का ते नॉन्सनं, म्हणजे फॉर्मबरोबर दिलेल्या तात्पुरत्या सांकेतिक खुणेनं, पडताळा, आत येताना साफ करा, बाहेर सोडताना एस्केप करा, म्हणजे ब्राउझर त्याला कोड समजणार नाही. नॉन्स लावला म्हणजे अधिकार तपासला असं समजणारेही पुष्कळ भेटतात, पण ती दोन वेगळी कामं आहेत.

त्या आवृत्तीच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) मी 'सुरक्षेची दुरुस्ती, लगेच अपडेट करा' असं लिहिलं. एका परिचितानं सल्ला दिला होता की 'किरकोळ सुधारणा' लिही, उगाच बदनामी कशाला. असल्या 'किरकोळ सुधारणा' मला डोळ्यांसमोर नकोत. प्लगिनचा कोड उघडा असतो, जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की दुरुस्ती कुठे झाली ते दिसतं, म्हणजेच भोक कुठे होतं तेही दिसतं. हल्लेखोर चेंजलॉग वाचत बसत नाही, तो कोड वाचतो. 'किरकोळ' या शब्दानं फसतो तो साइटचा मालक, आणि अपडेट पुढच्या महिन्यावर टाकतो.

थोडं आपल्या भाषेबद्दल. लेखात हा विषयच नाही आणि मराठी साइट चालवणाऱ्याला रोज छळतो तो हाच. माझ्या त्याच प्लगिनची पहिली आवृत्ती मराठी लेखावर 'वाचायला ० मिनिटं' दाखवायची. पीएचपीचं शब्द मोजायचं आयतं फंक्शन देवनागरी अक्षरांना अक्षरं मानतच नाही, त्यामुळे दोन हजार शब्दांच्या लेखाची बेरीज शून्य. मग मी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा साचा शोधणारा नियम, लावलं, युनिकोडचा झेंडा चढवून, म्हणजे जगातल्या लिप्या ओळखायला सांगून. आता मिनिटं खऱ्याच्या दुप्पट निघाली. का, ते कळायला एक रात्र गेली. अक्षर कशाला म्हणायचं याच्या त्या नियमात मूळ अक्षरं होती, काना-वेलांटी नव्हती. 'मराठी' या शब्दाचे तो दोन शब्द करत होता: 'मर' आणि 'ठ'. शेवटी सरळ मोकळ्या जागांवर तुकडे पाडून मोजलं आणि काम झालं. मिनिटाला २०० शब्दांचा आडाखा इंग्रजी वाचनातून उचललेला होता. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोही बदलता येईल असा ठेवला.

असंच लेखाचा सारांश तोडण्याचं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. बाइट मोजून शंभरावर कात्री चालवली तर चौतिसाव्या चिन्हाच्या पोटातून जाते, आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. लेखाच्या पत्त्याचीही तीच गत. वर्डप्रेस पत्त्याच्या शेवटच्या भागाला २०० जागा देतं, पण पत्त्यात एकेक देवनागरी चिन्ह नऊ जागा खातं. म्हणजे बावीस चिन्हांत मथळा संपला, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. मराठी लेखांच्या लिंक मधेच तोडल्यासारख्या दिसतात त्या यामुळे.

अनुवादाची तऱ्हा आणखी निराळी. प्लगिनकार इंग्रजीत वाक्याचे तुकडे करून ठेवतो: 'बाय' (अमक्या'ने' या अर्थाचा) हा शब्द सुटा, पुढे लेखकाचं नाव कोडनं जोडायचं. मराठी अनुवादकाला तो एकटा 'बाय' भाषांतराला येतो. आता 'ने' नावाच्या आधी कसा लावणार? तो तरी काय करील, 'द्वारा' लिहितो आणि मोकळा होतो. अख्खं वाक्य एकसंध देऊन नावाची जागा तेवढी खुणेनं मोकळी ठेवली असती तर तेच वाक्य सरळ मराठीत आलं असतं. हे करायला एक मिनिट लागतं. पण ज्याच्या भाषेत शब्दांची जागा बदलत नाही त्याला ते सुचत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. मी आजवर तीसेक प्लगिनकारांना कळवलं असेल. बहुतेकांनी त्याच आठवड्यात दुरुस्त केलं, काहींनी तर आभारही मानले. सहा-सात जणांकडून काहीच आलं नाही, आणि शीर्षकातला 'बेवारस' शब्द मला त्यांच्यामुळे सुचला.

प्लगिन लिहायला मला आठवडा लागला. सांभाळायला अकरा वर्षं लागली आणि अजून सुटका नाही. खालची जमीन सतत हलत असते. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लॉक एडिटर आला आणि लेख लिहायचा पडदाच बदलला. ऑगस्ट २०२० मध्ये जेक्वेरी या स्क्रिप्ट-संचाचा जुना आधार काढला गेला, तेव्हा कित्येक साइट्सवरची बटणं दाबली तरी हलेनात. त्याच वर्षी नोव्हेंबरात पीएचपी ८ आलं आणि 'क्रिएट फंक्शन' नावाचं त्यातलं जुनं फंक्शन कायमचं गेलं. ज्या प्लगिनमध्ये त्याची एक ओळ होती ते होस्टिंगवाल्यानं पीएचपी बदललं त्या दिवशी कोसळलं. यातल्या कशातही प्लगिनकाराची चूक नव्हती. चूक एकच, की तो तिथे नव्हता. त्याला नोकरी लागली असेल, मूल झालं असेल, कंटाळा आला असेल. फुकट दिलेल्या गोष्टीची त्यानं जन्मभर राखण करावी असा कुठला करार नाही. पण त्याचं प्लगिन तिकडे हजार साइट्सवर चालतच राहतं.

अशा वेळी गिऱ्हाईक येतं. मलाही एक पत्र आलं होतं. भाषा अगदी गोड. तुमचं प्लगिन आम्हाला आवडतं, तुमचा वेळ मोलाचा आहे, आम्ही ते विकत घेऊन सांभाळू. मी विचारलं, कोडमध्ये काय बदलायचा विचार आहे? त्यावर उत्तर नाही. त्यांना हवा होता वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतल्या (मोफत प्लगिन्स जिथून उतरवतात त्या अधिकृत यादीतल्या) खात्याचा ताबा. कोड तर कोणालाही फुकट मिळतो, जीपीएल या मुक्त परवान्याखालीच आहे तो. फुकट मिळत नाही ती एकच गोष्ट, चारशे लोकांचं चालू असलेलं ऑटो-अपडेट. डिरेक्टरीत प्लगिन पहिल्यांदा दाखल होतं तेव्हा ते तपासलं जातं. पुढची प्रत्येक आवृत्ती लेखक स्वतः चढवतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्लगिनकारांना खात्यासाठी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण खातं मालकानं राजीखुशीनं विकलं तर पडताळणी काय करणार?

२०१७ मध्ये 'डिस्प्ले विजेट्स' या प्लगिनचं हेच झालं. दोन लाखांच्या आसपास साइट्सवर असलेलं, चांगल्या नावाचं प्लगिन. मूळ कर्त्यानं ते विकलं, आणि नव्या मालकाच्या आवृत्त्यांमधून साइट्सवर जाहिरातबाजीची पानं घुसू लागली. लॉग-इन केलेल्याला ती दिसत नसत, म्हणजे साइटचा मालक सोडून सगळ्यांना दिसत. डिरेक्टरीतून ते काढलं, परत आलं, परत काढलं, असं एकाहून जास्त वेळा झालं. प्लगिन्स दहाच्या आत ठेवणाऱ्या माणसाच्या दहांतलं एक तेही असू शकलं असतं.

तेव्हा आपल्या वाचकांना सांगायचंच असेल तर हे सांगा, की प्लगिन टाकण्याआधी त्याच्या पानावर दोन मिनिटं थांबा. शेवटचा अपडेट केव्हाचा, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, तक्रारींना कोणी उत्तर देतंय का. मी आधी तक्रारी वाचते. तिथे शिव्या असल्या तरी चालतील, खाली उत्तर हवं. चेंजलॉगमध्ये मालक बदलल्याचं दिसलं तर ऑटो-अपडेट काही दिवस बंद ठेवा. आणि बॅकअप साइटच्याच सर्व्हरवर ठेवू नका, हे त्या लेखात होतं आणि ते बरोबर आहे.

त्या गोड पत्राला मी नकार कळवला. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र मागे लागला होता, माझ्यानंतर काय? डिरेक्टरीत 'अडॉप्ट मी' अशी खूण लावायची सोय आहे. आपल्याला जमत नसेल तर प्लगिनवर ती लावायची, म्हणजे सांभाळू इच्छिणारे समोर येतात. माझ्या तीनपैकी एका प्लगिनला गेल्या वर्षी मी ती लावली. चार जणांनी विचारलं. चौघांनाही मी म्हटलं, आधी एक जुनी तक्रार सोडवून पाठवा. दोघांचा पत्ता नाही. एकानं तक्रार सोडवली पण काना-वेलांटीचं गणित पुन्हा मोडून ठेवलं. चौथीनं तक्रार सोडवलीच, वर माझ्या कोडमधली एक चूक दाखवली, जी मला नऊ वर्षं दिसली नव्हती. ते प्लगिन आता तिचं आहे.

कळावे,
आपली एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)

ता. क. हे पत्र मी आधी आपल्या संकेतस्थळावरच्या 'वाचकांची पत्रं' या फॉर्ममधून पाठवून पाहिलं. नावाच्या रकान्यात नाव मराठीत लिहिलं तर खाली लाल अक्षरांत येतं, 'कृपया वैध नाव भरा.' ज्यानं तो फॉर्म लिहिला आहे त्याला सांगा, की ए ते झेड एवढ्याच अक्षरांना परवानगी देणारी ओळ शोध. बहुधा एकच असेल. म्हणून हे पत्र ईमेलनं पाठवते आहे.